मच्छिंद्रचं हालतं काम

“आगं, हालवायचंच हुतं तर माझ्याकडं कशाला आलीस? भंगारवाल्याकडं जायचं. पायजे तेवढं हालनारं लोखंड मिळलं आसतं.”

“मामा, खिळखिळं नाही म्हणत मी. दाबलं की मिटलं पायजे, सोडलं की परत उघडलं पायजे.”

“माझं काम मिटत न्हाई. जिथं ठेवलं तिथं ऱ्हातं. त्यासाठीच लोकं येत्यात हितं.”

“गेट उघडतं की तुमचं.”

“गेट उघडतं. चौकट उघडती का? तू मला चौकट उघडाया सांगती.”

सुप्याहून पारनेरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याचं एक शेड आहे. त्याच्यापुढं मच्छिंद्र औटी कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याची भाची सृष्टी उकिडवी बसली होती. दोघांच्या मधे पोरीच्या कमरेला लागेल एवढं एक लोखंडी प्रकरण ठेवलेलं. लांबून मधाच्या पोळ्यासारखं दिसायचं, जवळून बघितलं तर शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं, एकावर एक, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक भोक हातभर खोल. सृष्टीनं कागदावर जसं काढून दिलं होतं तसंच्या तसं. फरक एवढाच, की तिनं प्रत्येक सांध्यावर नटबोल्ट दाखवला होता आणि मच्छिंद्रनं प्रत्येक सांधा वेल्डिंग मारून बंद केला होता. वर स्वतः त्याच्यावर उभं राहून बघितलं होतं.

“टँकर घाला त्याच्यावरून,” ग्राइंडर पुसत पुसत वाल्मिक बोलला. “काय हुनार न्हाई.”

“तेच तर झालंय ना वाल्मिककाका,” सृष्टी म्हणाली आणि तिनं डोक्याला हात लावला.

वाल्मिक मच्छिंद्रच्या बरोबरीचा, शेड उभं राहिलं त्या दिवसापासूनचा जोडीदार. काम कमी आणि शेरे जास्त.

मच्छिंद्रला हे हालणं समजतच नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. दहावीला गणितानं धरलं तेव्हा बापानं त्याला सुप्यात एका वर्कशॉपवर नेऊन सोडला. तिथला उस्ताद तयार झालेल्या प्रत्येक वस्तूला आधी लाथ घालायचा. वस्तू थरथरली की दुसरी लाथ पोराला. असं शिकलेला माणूस. पुढं स्वतःचं शेड टाकलं तेव्हा उस्तादाची लाथ सोडून दिली, पण केलेल्या कामाला स्वतः लोंबकळून बघायची सवय लावून घेतली. शाळेचा झोपाळा, गोठ्याच्या चौकटी, ओढ्यावरच्या बंधाऱ्याला पाणी अडवायच्या फळ्या, सगळ्यांना हा माणूस एकदा लोंबकळलेला. कुठलीही चौकट असो, मागून एक तिरकी पट्टी मारल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडायचं नाही. गिऱ्हाईक यायचं, नव्या गेटाला धरून हालवायचं, गेट ढिम्म. मग मच्छिंद्र बिडी काढायचा. तेवढीच त्याची जाहिरात.

आणि आता घरचीच पोर म्हणत होती, हालतं कर.

सृष्टी त्याच्या बहिणीची, लंकाची. लंका दिली खर्ड्याकडं. तिकडची जमीन म्हणजे नुसता बोडका खडक, दिवाळी झाली की नवराबायको ऊसतोडीला जायची ती गुढीपाडव्यालाच परत. पोरीची शाळा बुडायला लागली तेव्हा मच्छिंद्र पिकअप घेऊन गेला आणि दप्तरासकट तिला उचलून आणली. त्याच्याच घरात ती बारावी झाली. मग पुणे, मग डॉक्टरकी, ती औषधाची नव्हे, रसायनाची. आता बेंगलोरला एका लॅबमधे असते. तिथं ती काय करते हे गावात कुणी विचारलं की मच्छिंद्र सांगायचा, “भोकं दाबती.” विचारणारा पावसापाण्यावर यायचा.

त्यात खोटं काही नव्हतं. धातूचे कण आणि कार्बनचे दांडे एकमेकांना जोडून असे स्फटिक बनवतात की आत सगळा पोकळ सांगाडाच सांगाडा. मोहरीच्या पुढं सुद्धा तो स्फटिक कण म्हणून दिसणार नाही, पण असल्या चिमूटभर स्फटिकांच्या पोटातल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर खळंभर जागा लागेल. त्या भोकांत गॅस साठवता येतो, हवेतली वाफ धरता येते. त्यातले काही सांगाडे ताठ, आणि काही लवचिक. लवचिकांना दाबलं की भोकं मिटतात. कशी मिटतात, किती दाबावर मिटतात, परत उघडतात का, हे सृष्टीचं काम.

“दाबता कशानं?” मच्छिंद्रनं एकदा विचारलं होतं.

“दोन हिऱ्यांच्या टोकांमधे धरून.”

“हिऱ्यांच्या?”

“व्हय.”

“मामीला सांगू नको.”

आता झालं असं, की संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनाची एक जागा निघाली. पक्की जागा. अशी जागा निघणं म्हणजे कितीतरी वर्षांनी. निवड करणाऱ्यांनी कळवलं होतं, की येत्या गुरुवारी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवता तसं शिकवून दाखवा, आपल्या संशोधनातलं काहीही. ही जागा मिळाली तर सृष्टी संगमनेरात राहणार. नाही मिळाली तर बेंगलोरवाले तिला उन्हाळ्यानंतर जर्मनीला पाठवणार, दोन-तीन वर्षांसाठी. मच्छिंद्रला संगमनेर पाहिजे होतं. आळेफाट्यावरून गेलं तर पिकअप जेवायच्या आत पोचतो. पण असं तोंडानं तो मेला तरी म्हणणार नव्हता. “जर्मनीत भाकरीला पीठ मिळतं का?” एवढंच त्यानं दोनतीनदा विचारलं होतं.

तर अशी ती वस्तू. तिच्यावर पोरीची जागा ठरायची होती आणि तिनं ती मच्छिंद्रला करायला सांगितली होती.

“हे बघा मामा,” सृष्टी उठली. शेडच्या कोपऱ्यात पतसंस्थेचं जुनं चॅनल गेट दुरुस्तीला पडलेलं होतं, सरकवलं की मिटणारं. तिनं आणि वाल्मिकनं ते उभं केलं. “आता ह्याला दोन्ही बाजूंनी दाबते. काय झालं?”

“मिटलं.”

“आणि उंची?”

मच्छिंद्रनं बघितलं. “वाढली थोडी.”

“माझा सांगाडा असाच आहे. एकीकडून आवळला की दुसरीकडून लांबतो. सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला तरी एका बाजूनं तो चक्क वाढतो. हे दाखवायचंय मला. तुमी वेल्डिंग मारलं की संपलं.”

“आन् ह्याचा उपेग काय म्हनायचा?” वाल्मिक.

“ह्याची पावडर असती काका. टाकीत भरायची तर तिच्या वड्या पाडाव्या लागतात. वड्या पाडताना दाब बसतो. त्या दाबानं भोकंच मिटून गेली तर गॅस कुठं भरायचा?”

“मंग ताठवालं घ्यायचं. कशाला हालतं घ्यायचं.” मच्छिंद्र.

“ताठवालं जास्त दाबलं की चुरा होतो त्याचा. हे मिटतं आणि परत उघडतं.”

मच्छिंद्र चिडला आणि ग्राइंडर घेऊन सगळे सांधे कापायला बसला.

दुसऱ्या खेपेला त्यानं बोल्ट घातले, वायसर घातले, चारी कोपऱ्यांना सायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा लावल्या. सांगाडा मिटायचा तसा मिटत होता. मग काय झालं, की उचलून बाजूला ठेवताना तो त्याच्या हातात डुलला. साप डुलावा तसा. मच्छिंद्रच्या अंगावर काटा आला. सृष्टी जेवायला घरात गेली होती. ती हात धुऊन बाहेर आली तर मागच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी, वेल्डिंग अजून लाल.

ती पायरीवर बसून राहिली.

“डुलत हुतं गं,” मच्छिंद्र म्हणाला.

“मामा.”

“आगं, चार मान्सांच्या म्होरं डुललं आसतं तर म्हनले आसते, कुन्या अडान्यानं केलं.”

“मामा, एक पट्टी. एका पट्टीनं सगळा सांगाडा मेला. तुमाला कळतंय का, आमी लॅबमधे हेच मोजतो. असला एक तिरका दांडा कुठं असला की स्फटिक दबतच नाही.”

“बरं, मग मोजलंस ना? काढतो.”

“भाऊंचा हात बांधून ठिवा कामापुरता,” वाल्मिक म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

तिसऱ्या खेपेला जमलं. सांगाडा एका चौकटीत उभा केला, खाली ट्रॅक्टरचा जॅक, जॅकवर पाटी. जॅकचा दांडा मारला की पाटी वर येते, भोकं चपटी होतात, सांगाडा दोन्ही अंगांनी फाकतो. जॅक सोडला की स्प्रिंगा त्याला परत आणतात. सृष्टीनं दहा वेळा दाबलं, दहा वेळा सोडलं. भोकं लांबून उठून दिसावीत म्हणून मागं काळं रेक्झिनचं कापड हुकांनी अडकवून घेतलं. बुधवारी दुपारी ती एसटीनं पुढं गेली, संगमनेरला मैत्रिणीकडं. मच्छिंद्रनं गुरुवारी सकाळी पिकअपमधून वस्तू आणायची असं ठरलं. जाताना ती दोन वेळा म्हणाली, “मामा, आता हात लावू नका.”

नाही लावला त्यानं. फक्त रंग दिला. उघड्या लोखंडाचं काम ह्या शेडमधून आजवर बाहेर गेलेलं नव्हतं, आणि पोरीच्या कॉलेजात जाणारं काम उघडं पाठवायचं म्हणजे लाज. एक हात रेड ऑक्साईडचा, वर एक हात काळ्याचा. रंग वाळायला तो सांगाडा संध्याकाळी घराच्या ओट्यावर ठेवला.

आता पुष्पावतीबद्दल सांगायला पाहिजे. मच्छिंद्रची ही बायको घरातलं एकही कापड टाकत नाही. मोडक्या छत्र्यांचं काळं कापड उसवून त्याच्या लहान लहान पिशव्या शिवते, तोंडाला नाडी. आत बी-बियाणं ठेवलं तर ओल लागत नाही म्हणते. आणि दुसरं, तिच्या हातून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. शेजारीण डब्यातून लोणचं देऊन गेली तर तो डबा मूठभर शेंगदाणे घेऊनच घरी जाणार. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. पण रिकामं म्हणून नाही.

सकाळी मच्छिंद्र आणि वाल्मिकनं सांगाडा पिकअपमधे चढवला.

“रातीत वजन वाढलं व्हय हेचं?” वाल्मिकनं कण्हत विचारलं.

“वय वाढलं तुझं. उचल.”

टाकळी, आळेफाटा, मग नाशिकचा रस्ता. घारगावच्या पुढं ट्रॅफिक, चंदनापुरी घाटात एक ट्रॉली उलटलेली. मच्छिंद्र सगळ्या रस्त्याला शिव्या घालत कॉलेजात पोचला तेव्हा सृष्टी फाटकातच उभी होती आणि तिच्या आधीच्या उमेदवाराचं शिकवणं संपत आलं होतं.

“रंग दिलाय?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“उघडं आनू व्हय?”

“सांध्यांत गेला असेल मामा.”

“हलक्या हातानं दिलाय. चल.”

शिपाई, मच्छिंद्र आणि ती, तिघांनी ते ओढत हॉलमधे नेलं. चौकट, जॅक, पाटी बसवेपर्यंतच पुकारा झाला. एकदा दाबून बघायला वेळच मिळाला नाही. पडदे ओढलेले, पुढं भिंतीवर चित्रं दाखवायची म्हणून. पुढच्या बाकावर चौघे, त्यात विद्यापीठाकडून आलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. मच्छिंद्र बाहेर जायला निघाला तर शिपाई म्हणाला, वस्तू जड आहे, परत न्यायला लागाल, बसा मागं. म्हणून तो शेवटच्या बाकावर बसला. गुडघे बाकाखाली मावेनात.

सृष्टीनं चांगली सुरवात केली. मराठीत सांगत होती, मधेच इंग्रजी. भिंतीवर स्फटिकाचं चित्र, हिऱ्याच्या टोकांचं चित्र. चॅनल गेटाचं उदाहरण दिलं तेव्हा मच्छिंद्रनं उगीचच मान हालवली. मग ती म्हणाली, आता हे प्रत्यक्ष बघू. आणि तिनं जॅकचा दांडा मारायला घेतला.

पाटी वर आली, सांगाड्याला टेकली. तिनं पुन्हा दांडा मारला. पुन्हा मारला. सांगाडा जागचा हालला नाही.

रंग, मच्छिंद्रला वाटलं. मेला तो रंग. तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. आता ती दोन्ही हातांनी दांडा मारत होती, कानशिलं लाल झाली होती. चौकट करकरली. बाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या शेजारच्यानं घड्याळ बघितलं. मच्छिंद्रनं हिशोब केला, की रंगात एवढी ताकद नसते. रंगानं एखादं-दुसरं भोक अडेल, सगळं कसं अडेल? आतून कुणी पाय रोवून बसल्यासारखं अडलंय हे. आणि सकाळी वाल्मिक म्हणाला होता...

वजन. ओटा. पुष्पावती.

तो उठला. बाक मागं पडलं.

“सृष्टे, थांब. जॅक सोड. बोल्ट तुटत्याल.”

चारही डोकी मागं वळली. “आपण कोण?” घड्याळवाल्यानं विचारलं.

“मी बनवलंय हे. मामा हाय मी तिचा.” मग सृष्टीकडं बघून, खालच्या आवाजात, पण त्या हॉलमधे खालचा आवाजही घुमायचा: “मागलं कापड काढ. तुझ्या मामीनं कायतरी भरलंय.”

सृष्टीनं त्याच्याकडं बघितलं. दुसरीत असताना तिची नवी छत्री मामीनं पिशव्यांसाठी उसवली होती, तेव्हा तिनं असंच बघितलं होतं. मग ती मागं गेली, हुक काढले, हात घातला, आणि काळ्या छत्रीच्या कापडाची, टम्म भरलेली, नाडीची पिशवी बाहेर काढली. दुसरी. तिसरी. काळ्या कापडापुढं काळ्या पिशव्या, कुणाला दिसणार. तिनं एकेक करून टेबलावर मांडल्या. एकीची नाडी सुटली आणि बाजरी टेबलावरून खाली सांडत राहिली. दुसऱ्यांत हुलगे, मटकी. एकीत लसणाची चटणी होती, तीही सांडली आणि तिचा वास सगळ्यांना गेला.

मच्छिंद्रला वाटलं, जमीन फाटून घेईल तर बरं, पण त्या हॉलला फरशी होती.

सृष्टीनं मूठभर बाजरी उचलून तळहातावर घेतली. घड्याळवाल्यानं घसा खाकरला. तेव्हा ती बोलली.

“हे ठरलेलं नव्हतं. माझ्या मामीनं वाटेत रिकामं जाऊ नये म्हणून भरून दिलंय. पण आमच्या लॅबमधे वर्षभर हेच चाललं होतं, आणि तिथं मामी नव्हती.” तिनं एक पिशवी हातात घेतली. “स्फटिकाला सगळीकडून सारखा दाब बसावा म्हणून तो एका द्रवात बुडवून दाबतात. आम्ही दाबत होतो आणि आमचा स्फटिक मिटत नव्हता. आम्ही यंत्राला नावं ठेवली. स्फटिकाला नावं ठेवली. एकमेकांना ठेवली. शेवटी कळलं, की दाबायला जो द्रव घेतला होता त्याचे रेणू बारीक होते. दाब वाढला तसे ते भोकांतच शिरून बसले, ह्या बाजरीसारखे. बाहेरून दाबणारा तोच, आणि आतून टेकू देणाराही तोच. मग आम्ही जाड तेल घेतलं. त्याचे रेणू मोठे, भोकात मावेनात, बाहेरच राहिले. आणि तोच स्फटिक थोडक्या दाबाला मिटला.”

तिनं राहिलेल्या पिशव्या काढल्या, कापड परत अडकवलं आणि दांडा मारला. सांगाडा मिटायला लागला. भोकं चपटी झाली आणि तो दोन्ही अंगांनी असा फाकला, की पुढच्या बाकावरच्या बाईंनी टेबलावरची पाण्याची बाटली आपल्याकडं ओढून घेतली. मग सृष्टीनं जॅक सोडला. स्प्रिंगांनी सांगाडा परत आणला. सगळा नाही. डावीकडची दोन भोकं मिटलेलीच राहिली.

“आणि काही वेळा,” ती म्हणाली, “दाब काढला तरी काही भाग परत येत नाही.”

“रंग लागलाय तिथं,” मागून आवाज आला. “काम आडकत न्हाई माझं.”

“मामा, बसा.”

तो बसला. पांढऱ्या केसांच्या बाईंनी मागं वळून त्याच्याकडं एकदा बघून घेतलं, मग सृष्टीला विचारलं, “आत काही शिरलंय की नाही, हे खऱ्या स्फटिकात कसं ओळखता? तिथं मागून उठून सांगणारं कुणी नसतं.”

“क्ष-किरण टाकून आकार मोजतो. दाबायला सुरवात केल्यावर स्फटिक आकसायच्या ऐवजी आधी किंचित फुगला, तर समजायचं आत कुणीतरी जाऊन बसलंय.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आणखी दोन-चार प्रश्न झाले, इंग्रजीत, त्यातलं मच्छिंद्रला काही कळलं नाही. शेवटी वस्तू इथंच राहू द्या, कळवू, म्हणून सांगितलं. बाजरी शिपायानं झाडूनं गोळा केली.

बाहेर पिकअपजवळ सृष्टीनं पहिल्यांदा फोन लावला तो पुष्पावतीला, आणि स्पीकरवर टाकला.

“मामी, ते भांडं होतं का?”

“भांडं नसंना. भोकं हुती ना? रिकामी?”

“ती रिकामीच पायजे होती.”

“नव्या ठिकानी नोकरी मागाया जायचं आन् नुसतं रिकामं लोखंड दारात नेऊन ठिवायचं? आसं करत्यात व्हय कुठं. चटनी खाल्ली का?”

“हॉलमधे सांडली.”

“सांडली? मंग पिशवी?”

“पिशवी आहे.”

“सगळ्या पिशव्या मोजून घे. तिकडं ठिवू नको.”

सृष्टीनं फोन बंद केला. मग मच्छिंद्रकडं वळली. “आणि तुमी. तुमाला रंग देऊ नका म्हणलं होतं.”

“हात लावू नका म्हनली हुतीस. रंग बुरशानं देत्यात.”

ती पिकअपमधे बसली आणि दार आपटून घेतलं. घारगाव मागं पडल्यावर मच्छिंद्र म्हणाला, “भोकाची दोन बोल्टं काढून घासली आसती तर समदं परत आलं आसतं.”

“मामा, गाडी चालवा.”

निकाल लागायला उन्हाळा लागला. मधल्या काळात बेंगलोरहून सृष्टीचे फोन यायचे ते नुसते चिडलेले. जर्मनीवाले विचारतायत, कॉलेजवाले बोलत नाहीत, काय सांगू? मच्छिंद्र फोन ठेवायचा आणि वाल्मिकवर ओरडायचा. वाल्मिक म्हणायचा, भाऊ, मी काय केलं. कधी मच्छिंद्रला वाटायचं रंगानं घात केला, कधी वाटायचं चटणीनं. पुष्पावतीला मात्र काळजी एकच, पिशव्या नऊ गेल्या होत्या आणि आठ आल्या.

वैशाखात एका सकाळी सृष्टीचा फोन आला. मच्छिंद्र एका दूधसंकलन केंद्राचं गेट टाकत होता. तिनं सांगितलं, झालं. जूनमधे हजर व्हायचंय.

“बरं,” मच्छिंद्र म्हणाला. “खोली बघाया कवा जायचं?”

“आधी येते तरी.”

“ये. मामीला सांगतो.” आणि फोन खिशात घालून त्यानं वाल्मिकला उगीचच विचारलं, चहा घेतो का म्हणून. वाल्मिकनं आभाळाकडं बघितलं, कारण हा माणूस आपण होऊन चहा विचारणाऱ्यातला नव्हता.

चहा येतोय तोवर दुसरा फोन. अनोळखी नंबर. संगमनेरच्या कॉलेजातून, रसायनाच्या लॅबमधला कुणी सहाय्यक.

“औटी का? तुमचं ते यंत्र आम्ही काचेच्या कपाटाशेजारी ठेवलंय. सर म्हणाले, पोरांना दाखवायला कायमचं राहू द्या. पण काय आहे, ते हालतंय ओ. जरा हात लागला की डुलतं. एकदा येऊन पक्कं करून द्या. दोन ठिकाणी वेल्डिंग मारलं तरी चालेल.”

मच्छिंद्रनं फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं, परत कानाला लावला.

“हात लावायचा न्हाई तेला.”

“अहो, पण डुलतंय...”

“डुलाया पायजे म्हनूनच तीन येळा केलंय मी ते. तुमी वेल्डिंग मारलं ना, तर त्यातलं सगळं शिक्षन गेलं. दाबलं की मिटतं, सोडलं की उघडतं. काय समजलं? जूनमधे आमच्या बाई येनार हायेत तिथं, त्यांना इचारा. आन् डावीकडली दोन भोकं आडकली आसत्याल तर तो रंग हाय. तेवढा मी येऊन घासून देतो.”

“बरं, बरं. आणि हॉलमधे टेबलाखाली एक पिशवी सापडलीय. काळी. हुलगे आहेत आत.”

“ती ठिवा जपून,” मच्छिंद्र म्हणाला. “तिच्यावरनं घरात रोज ऐकतोय मी.”

त्यानं फोन ठेवला. वाल्मिक तोंड दाबून हसत होता.

“दात काय काढतो? ती तिरकी पट्टी आन हिकडं.”

“लावायची?”

“मग? दूधसंघाचं गेट हाय हे. डुलवायचंय का?”

वाल्मिकनं पट्टी आणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरली. मच्छिंद्रनं काच डोळ्यांपुढं ओढली आणि सांध्याला ठिणगी पाडली.